बागेचे प्रश्न : ‘वॉबॅश’ या जुन्या आयरिसची ओळख आणि जोपासना

अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून उंच दाढीवाल्या आयरिस या फुलझाडाविषयी इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. पत्रांतून ‘वॉबॅश’ या जुन्या जातीचे नाव पुन्हा पुन्हा आल्यामुळे उत्तरेही तिच्याच अनुषंगाने लिहिली आहेत. लागवडीचा भाग मात्र या गटातल्या बहुतेक सगळ्या जातींना लागू पडतो.

प्रश्न : आमच्या शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी आल्याच्या गड्ड्यांसारखे दिसणारे आठ-दहा कंद कागदी पिशवीत घालून मला दिले. पिशवीवर पेन्सिलीने ‘वॉबॅश, आईच्या बागेतला’ एवढेच लिहिले आहे. ही नेमकी कोणती जात, आणि ती मुद्दाम जपण्याजोगी आहे का?
— एक वाचिका, फिशर्स, इंडियाना

उत्तर : नक्कीच जपण्याजोगी आहे. आपण इंडियानात राहता आणि ही जात जन्मली तीही इंडियानातच. फिशर्सच्या ईशान्येला, वेल्स काउंटीत, वॉबॅश नदीच्या काठी ब्लफ्टन नावाचे गाव आहे. तेथे एडवर्ड ब्रूस विल्यमसन हे गृहस्थ राहत. घराणे बँकेच्या व्यवसायातले होते, पण विल्यमसन यांचे नाव झाले ते चतुरांच्या अभ्यासामुळे. पावसाळा सरत आला की आपल्याकडे शेतांवर आणि गवतावर घिरट्या घालणारे जे चतुर, त्यांचे ते इतके मोठे जाणकार होते, की १९१३ साली चतुरांच्या एका प्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ ‘विल्यमसोनिया’ हे नाव देण्यात आले. तीच बारीक नजर त्यांनी आयरिसच्या संकराकडे वळवली. १९१८ साली वडिलांच्या नावाने त्यांनी ‘लेंट ए. विल्यमसन’ ही जात दिली आणि ती अमेरिकेत खूप नावाजली गेली. ‘वॉबॅश’ हा ‘डोरोथी डिट्झ’ आणि ‘कँटाबिले’ या दोन जातींचा संकर आहे. विल्यमसन १९३३ साली वारले, त्यामुळे ‘वॉबॅश’ लोकांसमोर आला तो त्यांच्या मागे, १९३६ साली, कुटुंबाच्या लाँगफील्ड आयरिस फार्ममधून. त्याला मिळालेला मान पाहायला ते उरले नव्हते, याची मला दर वर्षी फूल उमलले की रुखरुख लागते.

तो मान म्हणजे १९४० सालचे अमेरिकेतले डाइक्स पदक. विल्यम रिकॅट्सन डाइक्स या इंग्रज अभ्यासकाने १९१३ साली आयरिसच्या संपूर्ण प्रजातीवर ग्रंथ लिहिला. १९२५ साली त्यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ हे पदक सुरू झाले, आणि आयरिसच्या जातीला मिळू शकणारा हा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

आता फुलाविषयी. दाढीवाल्या आयरिसच्या फुलाला सहा पाकळ्या असतात. त्यांपैकी तीन वर उभ्या राहून घुमटासारख्या एकमेकींकडे झुकतात आणि तीन खाली झुकतात. ‘वॉबॅश’च्या उभ्या पाकळ्या शुभ्र असतात, तर खालच्या पाकळ्या मखमलीसारख्या गडद जांभळ्या असून त्यांच्या कडेने बारीक पांढरी किनार फिरलेली असते, जणू लुगड्याला मुद्दाम काठ लावावा तशी. खालच्या पाकळीच्या मध्यावर सोनेरी-पिवळ्या केसांची दाट ओळ असते. हीच ती ‘दाढी’. दाढीच्या दोन्ही अंगांना, पाकळीच्या बुडाशी, पांढऱ्यावर जांभळट रेघा दिसतात. भुंगा जांभळ्या पाकळीवर उतरतो, दाढीवरून आत सरकतो, आणि वरच्या कमानीखाली दडलेल्या परागकोशाला त्याची पाठ घासते. सकाळी नऊच्या सुमारास बागेत बसून हे एकदा तरी पाहावे. वर पांढरे आणि खाली रंगीत अशा फुलांच्या गटाला ‘अमीना’ म्हणतात. हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ ‘मनोहर’ असा आहे.

नावाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘वॉबॅश’ हे नदीचे नाव इंग्रजी नाही. त्या काठचे मूळ रहिवासी असलेल्या मायामी लोकांच्या भाषेतल्या, ‘पांढरी चकाकते’ अशा अर्थाच्या शब्दाचे ते बदललेले रूप आहे. नदीच्या वरच्या भागात तळाशी चुनखडीचा पांढरा दगड आहे आणि निवळ पाण्यातून तो लख्ख दिसे, म्हणून हे नाव पडले.

जपण्याजोगी का, याचे खरे उत्तर मात्र पदकात नाही. संकरित आयरिसच्या बियांतून तीच जात पुन्हा मिळत नाही; प्रत्येक बी वेगळे रोप देते. म्हणून आज जगात जेथे कोठे खरा ‘वॉबॅश’ आहे, तो ब्लफ्टनच्या बागेत उगवलेल्या त्या एकाच रोपाचा तुकडा आहे, हातोहात फुटवे वाटत इथवर आलेला. आपल्या पिशवीतले गड्डेही त्याच रोपाचे आहेत. आजींनी पिशवीवर जे लिहिले ते फार मोलाचे आहे. ती पिशवी टाकू नका.

प्रश्न : (त्याच वाचिका) कंद जुलैत मिळाले, अजून पिशवीतच आहेत. ते आता लावावेत, की वसंतापर्यंत थांबावे? गावाकडे आईबरोबर हळद आणि आले लावलेले आहे, त्यामुळे कंद किती खोल घालायचे याचा अंदाज मला आहे असे वाटते.

उत्तर : तो अंदाज या वेळी कृपया बाजूला ठेवा. हळकुंड आणि आले मातीखाली वाढतात; दाढीवाल्या आयरिसचा गड्डा मात्र मातीच्या वर, उन्हात वाढतो. आपण त्याला कंद म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या भाषेत तो मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे खोड आहे, आणि त्याच्या पाठीवर ऊन पडले पाहिजे. पाने पाहिली तर वेखंडाची आठवण होते. युरोपातल्या पाणथळ जागी वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसचे शास्त्रीय नावच ‘आयरिस स्यूडअकोरस’, म्हणजे ‘खोटे वेखंड’, असे आहे. पण वेखंड चिखलात सुखाने राहते, आणि दाढीवाला आयरिस त्याच चिखलात महिनाभरात सडतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे ‘वॉबॅश’चे सहा गड्डे आले. मी ते वितभर अंतरावर, चांगले तीन इंच खोल पुरले, वरून शेणखत दिले आणि तण येऊ नये म्हणून लाकडाच्या भुशाचा थर घातला. आल्याला जे जे आवडते ते सगळे केले. पुढच्या जूनमध्ये आठवडाभर पाऊस झाला आणि पाने हाताने ओढताच अलगद उपटून आली. खाली करड्या रंगाचा लिबलिबीत लगदा उरला होता. सहांपैकी चार गेले. उरलेले दोन कडेला, जेथे माती धुपून गड्डा आपोआप उघडा पडला होता, तेथले होते. पुस्तकापेक्षा त्या दोन गड्ड्यांनी मला जास्त शिकवले.

आपण वसंतापर्यंत थांबू नका. इंडियानात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागवड करावी, म्हणजे जमीन गोठण्यापूर्वी मुळे धरायला निदान सहा आठवडे मिळतात. तोपर्यंत गड्डे पिशवीतून काढून सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवा. काही आठवडे ते सहज टिकतात. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र एक दिवसही ठेवू नका.

जागा अशी निवडा, की दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन मिळेल. आपल्या भागातली चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून सहा-आठ इंच उंचीचा वाफा करा आणि त्यात भरड वाळू व थोडे जुने, पूर्ण कुजलेले कंपोस्ट मिसळा. पाने सहा इंच ठेवून पंख्याच्या आकारात कापा. खड्डा खणताना मधोमध मातीची एक उंच सरी ठेवा, दोन्ही बाजूंना खोलगट भाग करा, गड्डा त्या सरीवर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा आणि मुळे दोन्ही बाजूंना खाली सोडा. मग माती ओढून मुळे घट्ट दाबा. काम झाल्यावर गड्ड्याची पाठ मातीच्या पातळीला किंवा किंचित वर दिसली पाहिजे, पाण्यात बसलेल्या म्हशीची पाठ दिसते तशी. दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर ठेवा. वाढ पानांच्या दिशेने पुढे सरकते, म्हणून पानांचा पंखा बाहेरच्या बाजूला राहील असा लावा, नाहीतर दोन वर्षांत सगळे एकमेकांवर चढतात.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, त्यानंतर मुळे धरेपर्यंत आठवड्यातून एकदा पुरे. मुळे धरली की पावसावर सोडून द्या. पहिल्या हिवाळ्यात जमीन गोठून-वितळून नवे गड्डे वर उचलले जातात. जमीन पक्की गोठल्यावर वरून पाइनच्या फांद्या पसरल्या तर ते टळते. मार्चमध्ये त्या काढायला विसरू नका.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी लावलेल्या आयरिसला पाने भरघोस येतात, कंबरेपर्यंत उंच आणि हिरवीगार, पण फूल एकदाही आले नाही. हिरवळीला खत घालतो तेव्हा त्यालाही मिळते, फवाऱ्याचे पाणी रोज मिळते. आणखी काय करावे?
— एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : आणखी काही करू नये, उलट करता त्यातले बरेच थांबवावे. हिरवळीच्या खतात नत्राचे प्रमाण फार असते. नत्राने पाने माजतात, गड्डे पाणथळ आणि मऊ होतात, आणि रोप फुलण्याऐवजी पाने वाढवण्यात रमते. आयरिसला खत द्यायचेच असेल तर पिशवीवरच्या तीन आकड्यांपैकी पहिला, म्हणजे नत्राचा, सर्वांत लहान असलेले, उदाहरणार्थ ५-१०-१० प्रकारचे, फुलण्याच्या महिनाभर आधी मूठभर द्यावे, तेही गड्ड्यावर न टाकता भोवती टाकावे. फवारा त्या वाफ्यावरून वळवा.

याखेरीज उन्हाचा अंदाज घ्या. तीन वर्षांत शेजारचे झाड वाढून सावली सरकली असण्याची शक्यता असते. मे महिन्यात एका सुटीच्या दिवशी दर तासाला जाऊन पाहा आणि वहीत नोंद करा. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ही नोंद नेहमी वेगळी निघते. त्यानंतर बोटाने गड्डा चाचपा. तो सापडायला दोन बोटे माती उकरावी लागली, तर कारण तेच आहे. जुलैत काढून वर आणून लावा.

एक गोष्ट मनात ठेवा : प्रत्येक गड्डा आयुष्यात एकदाच फुलतो. फुललेला गड्डा बाजूला फुटवे देतो आणि पुढच्या वर्षी ते फुटवे फुलतात. म्हणून जुन्या, सुरकुतलेल्या गड्ड्याकडून फुलाची आशा धरण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात हिरवी पाने कापण्याची जी पद्धत काही जण पाळतात तीही सोडून द्या, कारण पुढच्या वर्षीच्या फुलाचे अन्न त्याच पानांतून तयार होते. तपकिरी पडलेली पाने मात्र जरूर ओढून काढावीत.

प्रश्न : पानांच्या कडेला पाण्याचे ओघळ वाळल्यासारखे डाग आणि दातेरी कुरतडल्याच्या खुणा दिसतात. मागच्या वर्षी अशाच झाडाचे गड्डे जुलैत पोकळ झाले आणि घाण वास येऊ लागला. औषध कोणते मारावे?
— एक वाचिका, कोलंबस, ओहायो

उत्तर : हा आयरिसचे गड्डे पोखरणाऱ्या अळीचा आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या कुजीचा जोडीने झालेला उपद्रव आहे. पूर्व आणि मध्य-पश्चिम अमेरिकेतल्या आयरिसचा हा सर्वांत मोठा शत्रू असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ही अळी मॅक्रोनॉक्टुआ ओनुस्टा नावाच्या तपकिरी रंगाच्या पतंगाची असते. मादी शरद ऋतूत आयरिसच्या वाळलेल्या पानांवर आणि आजूबाजूच्या काडीकचऱ्यावर अंडी घालते. अंडी तेथेच हिवाळा काढतात. एप्रिल-मेमध्ये, पाने वितभर झाली असताना, केसाएवढी अळी बाहेर पडून पानावर चढते आणि सुईच्या टोकाएवढे भोक पाडून पानात शिरते. मग दोन पदरांच्या मधून खाली सरकत ती जून-जुलैत गड्ड्यापर्यंत पोचते आणि तो आतून पोखरते. तोवर ती बोटाएवढी, फिकट गुलाबी अंगाची आणि तपकिरी डोक्याची झालेली असते. ऑगस्टच्या सुमारास ती शेजारच्या मातीत कोश करते. वर्षात तिची एकच पिढी होते, आणि आपल्या हाती जो उपाय आहे तो याच गोष्टीत आहे.

अंडी वाळलेल्या पानांवर असतात, तेव्हा कडक दंव पडून पतंग संपल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, वाफ्यातले एकूण एक वाळलेले पान गोळा करून कचऱ्याच्या पेटीत टाका. कंपोस्टमध्ये टाकू नका. राहून गेले असेल तर मार्चमध्ये, पाने फुटण्यापूर्वी, हे काम करा. केवळ या एका सवयीने माझ्या बागेतला त्रास दोन वर्षांत जवळजवळ संपला. मे महिन्यात मी रोज संध्याकाळी पानांच्या कडा पाहते. ओलसर, आरपार दिसणारा डाग किंवा बारीक खाच दिसली, की पान अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून डागापासून खाली बुडापर्यंत दाबत नेते. आत अळी असेल तर बोटांना तिचा बारीकसा उंचवटा जाणवतो आणि ती तेथेच चिरडते. किळस येण्यासारखे काम आहे खरे, पण फवाऱ्यापेक्षा खात्रीचे आहे, आणि फुलांवर येणाऱ्या भुंग्यांना त्याने काही होत नाही. बाग मोठी असेल तर मातीत सोडायचे उपयुक्त सूत्रकृमी मिळतात; मे-जूनच्या सुमारास ओल्या मातीत सोडल्यास तेही अळी मारतात.

कुज ही वेगळी गोष्ट आहे. ती जिवाणूंमुळे होते आणि त्यांना आत शिरायला अळीने पाडलेले भोक किंवा खुरप्याची जखम आयती मिळते. वास आला की वाट पाहू नका. गड्डा उपटायची गरज नसते. भोवतालची माती बाजूला सारून जेवणाच्या चमच्याने सगळा मऊ भाग खरवडून काढा, पांढरा आणि कडक भाग लागेपर्यंत. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी या मिश्रणाने जखम पुसा आणि गड्डा एक-दोन दिवस उन्हात उघडा राहू द्या. चमचा आणि खुरपेही त्याच पाण्यात बुडवा. पोखरलेल्या गड्ड्यात अळी सापडली नाही तर भोवतालची माती चार बोटे उकरून चकचकीत तपकिरी कोश शोधा. तो सापडला की पुढच्या वर्षीचे संकट टळले. पानांवरचे गोल, तांबूस कडेचे ठिपके हा बुरशीचा रोग असतो आणि त्यालाही तीच स्वच्छता पुरते.

प्रश्न : दुकानातून ‘वॉबॅश’ म्हणून घेतलेल्या रोपाला यंदा फूल आले. वर पांढरे आणि खाली जांभळे आहे, पण फूल मला लहान वाटते. ही जात खरी आहे, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : पांढरे-जांभळे असणे एवढ्यावर निर्णय करू नये, कारण या रंगसंगतीच्या जुन्या जाती एकाहून अधिक आहेत. १९१० साली जर्मनीत निघालेली ‘ऱ्हाइननिक्से’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित. तिचे फूल लहान आणि सडपातळ असते. ‘वॉबॅश’चे फूल मोठे आणि भरदार असते व जांभळा रंग अधिक गडद असतो. पहिल्या वर्षी लावलेले रोप अनेकदा लहान फूल देते, म्हणून एका हंगामावरून विक्रेत्याला दोष देऊ नका. पुढच्या मेमध्ये दांड्याची उंची मोजा (‘वॉबॅश’चा दांडा साधारण तीन फुटांच्या थोडा पुढे जातो), कळ्या मोजा, खालच्या पाकळीची पांढरी किनार सलग आहे का ते पाहा, पानांच्या बुडाशी जांभळी झाक आहे की नाही याची नोंद ठेवा आणि फुलाचे समोरून, बाजूने व दाढीचे जवळून असे फोटो घ्या.

आपल्याला याहून चांगली सोय जवळच आहे. न्यू जर्सीतच, माँटक्लेअर गावात, प्रेस्बी स्मृती आयरिस उद्यान आहे. अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी एक असलेले फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ ते १९२७ साली उभारले गेले. डोंगरउतारावरच्या वाफ्यांतून तेथे आयरिसची हजारो रोपे लावलेली आहेत आणि त्यांत जुन्या जातींचा मोठा संग्रह आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो. आपले फोटो घेऊन जा आणि फुलाला फूल लावून पाहा. याशिवाय अमेरिकन आयरिस सोसायटीच्या छायेखाली जुन्या जाती जपणारी एक स्वतंत्र संस्था काम करते. तीस वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी जात ती ‘ऐतिहासिक’ मानते. तिचे सदस्य अशा शंका आपुलकीने सोडवतात.

खात्री होईपर्यंत पाटीवर ‘वॉबॅश?’ असे प्रश्नचिन्हासह लिहा. चुकीच्या नावाचे रोप दहा घरी गेले, की ती चूक निस्तरणे कोणाच्याच हातात राहत नाही.

प्रश्न : मुलीच्या इंडियानापोलिसच्या बागेत ‘वॉबॅश’ पाहिला आणि वेड लागले. पुण्याला येताना दोन गड्डे सामानातून आणावेत, असा विचार आहे. येथे कुंडीत फुलेल ना?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : आपली ओढ मला समजते, म्हणूनच स्पष्ट लिहिते : आणू नका. एक तर परदेशातून रोपे किंवा गड्डे आणायला भारताच्या २००३ सालच्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. वर सांगितलेली अळी आणि कुज गड्ड्यातूनच प्रवास करतात, त्यामुळे हा नियम पाळणे आपल्या शेतकऱ्यांच्या हिताचे आहे.

दुसरे असे, की सगळी कागदपत्रे मिळवली तरी पुण्यात तो फुलणे कठीण आहे. फुलाची तयारी होण्यासाठी या रोपाला हिवाळ्यात कित्येक आठवडे शून्याच्या आसपासची थंडी लागते. इंडियानात ती त्याहून खूप खालीही जाते. पुण्याची कडाक्याची रात्रही दहा अंशांच्या आसपास घुटमळते. त्यानंतर येतो आपला पावसाळा. चार महिने ओल आणि ढग म्हणजे गड्ड्याला जे नको असते ते सगळे एकदम. एक-दोन वर्षे पाने दिसतील आणि एखाद्या श्रावणात गड्डा विरघळून जाईल.

दाढीवाल्या आयरिसचे भारतातले खरे घर काश्मीर आहे. ‘आयरिस काश्मीरियाना’ ही पांढऱ्या फुलांची जात तेथे दफनभूमीत लावलेली दिसते, आणि केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ सर मायकेल फॉस्टर यांनी आयरिसचे जे आरंभीचे संकर केले त्यांत तिचाही वापर केला होता. एप्रिलमध्ये तिकडे जाण्याचा योग आला तर ती अवश्य पाहा. कुंडीसाठी मात्र याच कुळातले ग्लॅडिओलस लावा. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये कंद लावले तर थंडीत आपल्या गच्चीवर उत्तम फुलतात. आणि मेमध्ये मुलीकडे जाण्याचे तिकीट काढता आले तर त्याहून चांगले काही नाही. इंडियानापोलिसला तो साधारण मेच्या उत्तरार्धात फुलतो.

प्रश्न : आमच्याकडे कुत्रा आहे आणि त्याला माती उकरायची सवय आहे. आयरिस लावणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : गड्डा चावल्यास कुत्र्या-मांजरांना लाळ गळणे, उलट्या आणि जुलाब होतात. वाफ्याला जाळी लावा आणि विभागणीच्या दिवशी कापलेले तुकडे अंगणात पडू देऊ नका. काहींच्या त्वचेलाही त्या रसाने खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

प्रश्न : चार वर्षांत माझ्या ‘वॉबॅश’चा मोठा पुंजका झाला आहे आणि मधला भाग उघडा पडला आहे. येथील मराठी मंडळातल्या मैत्रिणींना थोडे थोडे द्यायचे आहे. केव्हा आणि कसे काढू?
— एक वाचिका, कार्मेल, इंडियाना

उत्तर : मधला भाग उघडा पडणे हीच विभागणीची खूण आहे; तीन-चार वर्षांनी ती येतेच. फुले संपल्यावर सहा आठवडे जाऊ द्या आणि जुलैच्या मध्याला, माती कोरडी असताना, बागेच्या काट्याने संपूर्ण पुंजका बाहेरून उचला. मधले जुने, पाने नसलेले गड्डे काढून टाका. कडेचे, टणक, एका पंख्याचे आणि पांढरी मुळे असलेले तुकडे धारदार सुरीने वेगळे करा, आणि प्रत्येक काप झाल्यावर सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवा. कापलेले तुकडे सावलीत दिवसभर वाळू द्या, म्हणजे जखम कोरडी पडते. पोखरलेला एकही तुकडा कोणाला देऊ नका, तो कितीही मोठा असला तरी.

वाटण्यापूर्वी, गड्डे अजून आपल्या हातात असतानाच, प्रत्येक पंख्याच्या पानावर न पुसणाऱ्या शाईने ‘वॉबॅश’ लिहा. पाने कापलेली असली तरी सहा इंचांवर नाव सहज मावते, आणि पिशवी हरवली तरी ते राहते. मैत्रिणींना लागवडीबरोबर पाटीचेही सांगा. प्लास्टिकच्या पाट्या दोन हिवाळ्यांत ठिसूळ होतात आणि शाई उन्हाने उडते. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षर धातूत कोरले जाते. अशा दोन पट्ट्या करा : एक वाफ्यात दिसेल अशी लावा, दुसरी गड्ड्याच्या शेजारी चार बोटे खोल पुरा. पट्टीवर नावाखाली ‘विल्यमसन, १९३६’ असे लिहा आणि त्याखाली रोप कोणाकडून आले ते लिहा. पाट्यांचा नकाशा वहीत काढून ठेवा, कारण बर्फ हटवताना वरची पाटी हमखास जागा सोडते.